इ.स. १९५३ मधील नेदरलँड्स

इ.स. १९५३ हे वर्ष नेदरलँड्सच्या आधुनिक इतिहासात प्रामुख्याने १ फेब्रुवारीच्या महापुरामुळे ओळखले जाते. या पुरात देशाच्या नैर्ऋत्य भागातील १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. समुद्राला मागे सारून जमीन मिळवणाऱ्या या देशाच्या जलसंरक्षणाची सर्व व्यवस्था त्यानंतर नव्याने उभारावी लागली. याच वर्षी पूरग्रस्तांच्या मदतीसाठी पॅरिसमध्ये झालेल्या एका फुटबॉल सामन्यामुळे डच फुटबॉलमधील हौशी खेळाडूंच्या युगाचा शेवट जवळ आला. भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक, राज्यघटनेतील महत्त्वाची दुरुस्ती, मंत्रिमंडळातील पहिल्या महिलेची नियुक्ती आणि युद्धात उद्ध्वस्त झालेल्या रोटरडॅम शहराची पुनर्बांधणी या त्या वर्षातील अन्य उल्लेखनीय घटना होत.

== पार्श्वभूमी ==

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन ताब्यातून नेदरलँड्स मे १९४५ मध्ये पूर्णपणे मुक्त झाला. १९५३ साली त्या घटनेला जेमतेम आठ वर्षे होत होती. घरांची टंचाई तीव्र होती आणि कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांकडे हजारो डच कुटुंबे स्थलांतर करीत होती. डिसेंबर १९४९ मध्ये इंडोनेशियाला सार्वभौमत्व हस्तांतरित झाल्याने देशाचा सर्वांत मोठा वसाहती आधार संपला होता. असे असूनही अर्थव्यवस्था सावरत होती. अमेरिकेकडून मिळणाऱ्या आर्थिक साहाय्याची आता गरज उरलेली नाही, असे सरकारने जानेवारी १९५३ मध्ये जाहीर केले. त्यानंतर काही दिवसांतच देशाला परकीय मदत पुन्हा स्वीकारावी लागली, मात्र तिचे कारण सर्वस्वी वेगळे होते.

राणी युलियाना राज्यपदावर होत्या. पंतप्रधान विलेम ड्रेस हे मजूर पक्षाचे नेते होते. १९५२ च्या निवडणुकीत मजूर पक्ष आणि कॅथलिक जन पक्ष या दोघांना प्रत्येकी ३० जागा मिळाल्या होत्या आणि या पक्षांसह इतर पक्षांच्या सहभागाने संमिश्र मंत्रिमंडळ बनले होते. परराष्ट्र खात्यासाठी योहान विलेम बेयन आणि योसेफ लुन्स असे दोन मंत्री एकाच वेळी काम पाहत होते, हे या मंत्रिमंडळाचे वैशिष्ट्य होते.

== महापूर ==

=== वादळ आणि उधाण ===

शनिवार, ३१ जानेवारी १९५३ रोजी उत्तर समुद्रावर वायव्येकडून प्रचंड वादळ सुटले. उत्तर समुद्राचा आकार नरसाळ्यासारखा आहे. उत्तरेस तो रुंद आणि खोल, तर दक्षिणेस डोव्हरच्या सामुद्रधुनीकडे अरुंद व उथळ होत जातो. वायव्येचा वारा दीर्घकाळ वाहत राहिला की पाणी या निमुळत्या टोकाकडे ढकलले जाते आणि तेथे त्याला बाहेर पडण्यास पुरेशी वाट मिळत नाही. त्या रात्री वाऱ्याने चढवलेल्या या पाण्याची पौर्णिमेनंतरच्या उधाणाच्या भरतीशी गाठ पडली. हुक व्हान हॉलंड येथे पाणी आम्स्टरडॅम प्रमाणपातळीच्या वर ३.८५ मीटर, तर व्लिसिंगन येथे ४.५५ मीटर चढले. या ठिकाणी तोपर्यंत इतकी उंच पातळी नोंदवली गेली नव्हती.

ओहोटीच्या वेळीही पाणी नेहमीसारखे उतरले नाही, ही बाब शनिवारी सायंकाळी किनाऱ्यावरील काही जाणत्या माणसांच्या लक्षात आली होती. मात्र बहुतेक रहिवासी नेहमीप्रमाणे झोपी गेले.

=== बांध का फुटले ===

बांधांची दुर्बलता अज्ञात नव्हती. नैर्ऋत्य भागातील अनेक समुद्रबांध आवश्यकतेपेक्षा कमी उंचीचे आहेत, असा निष्कर्ष युद्धापूर्वीच्या अभ्यासांतून निघाला होता. युद्धकाळात बांधांची देखभाल झाली नाही. युद्धानंतर उपलब्ध पैसा घरे, कारखाने आणि रेल्वे यांच्या उभारणीकडे वळला. बांधांची जबाबदारी अनेक छोट्या स्थानिक जलमंडळांकडे विभागलेली होती आणि त्यांतील बहुतेकांची आर्थिक कुवत बेताची होती.

बांध फुटण्याची प्रक्रिया समजून घेण्याजोगी आहे. समुद्राच्या बाजूचा उतार लाटांचा मारा सहन करण्यासाठी दगडांनी मढवलेला असे आणि सामान्यतः तो टिकला. आतल्या, म्हणजे जमिनीकडील बाजूचा उतार मात्र तीव्र असून त्यावर केवळ माती आणि गवत होते. पाणी बांधाच्या माथ्यावरून वाहू लागताच ही माती भिजून मऊ झाली, घसरू लागली आणि बांध पाठीमागून पोखरला गेला. अखेरीस माथाच कोसळला. अनेक बांधांवर विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात काँक्रीटच्या बुटक्या भिंती घालून उंची वाढवण्यात आली होती. खालच्या मातीची रुंदी न वाढवता केलेल्या या स्वस्त उपायाचा त्या रात्री फारसा उपयोग झाला नाही.

=== न पोहोचलेला इशारा ===

शाही हवामान संस्थेने शनिवारी सायंकाळी धोकादायक भरतीचा इशारा दिला होता. तथापि उंच भरतीच्या इशाऱ्याची तार केवळ वर्गणीदार जलमंडळांना व अधिकाऱ्यांना जात असे आणि अनेक जलमंडळे वर्गणीदार नव्हती. नभोवाणी केंद्रे मध्यरात्री बंद होत आणि त्या रात्रीही ती बंद झाली. दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण १९५१ मध्ये सुरू झाले असले तरी संच फार थोड्या घरांत होते. शनिवार-रविवारच्या सुटीमुळे कार्यालयेही ओस होती. परिणामी धोक्याची माहिती देशात होती, परंतु ज्यांना तिची गरज होती त्यांच्यापर्यंत ती पोहोचू शकली नाही.

रविवारी पहाटे तीनच्या सुमारास बांध फुटू लागले. झीलंड प्रांत, दक्षिण हॉलंडची बेटे आणि उत्तर ब्राबांटचा पश्चिम भाग पाण्याखाली गेला. दूरध्वनीच्या तारा तुटल्याने बेटांचा बाह्य जगाशी संपर्क संपला. माणसे पोटमाळ्यांवर आणि छपरांवर चढून मदतीची वाट पाहू लागली. रविवारी दुपारी दुसरी भरती आली. ती अनेक ठिकाणी पहिलीहून अधिक प्राणघातक ठरली, कारण बांधांना आधीच खिंडारे पडली होती आणि रात्रभर पाण्यात उभी राहून कमकुवत झालेली घरे आता कोसळू लागली. रविवारी दिवसभर राजधानीला हानीच्या व्याप्तीची पुरेशी कल्पना आली नव्हती. झीरिकझे येथून एका हौशी रेडिओचालकाने पाठवलेले संदेश हा त्या काळात बेटाशी असलेला मोजक्या दुव्यांपैकी एक होता.

=== एका नावेची गोष्ट ===

पुराची व्याप्ती याहून कितीतरी मोठी होऊ शकली असती. रोटरडॅमच्या पूर्वेस हॉलंड्से एयसल नदीच्या काठावरील बांध त्या रात्री फुटू लागला. या बांधामागील सखल प्रदेशात सुमारे ३० लाख लोक राहत होते. तेथील नगराध्यक्षांच्या आदेशावरून नावाडी आरी एव्हेखरून यांनी आपली मालवाहू नाव ‘दे त्वे खेब्रुडर्स’, म्हणजे ‘दोघे भाऊ’, खिंडारात नेऊन घातली. पाण्याच्या दाबाने नाव बांधाला आडवी टेकून बसली आणि दरवाजाप्रमाणे खिंडार बंद झाले. नाव प्रवाहाबरोबर आत ओढली जाण्याचा धोका स्पष्ट होता, म्हणून एव्हेखरून यांनी ती सोडवून आणता यावी यासाठी सोबत एक लहान होडीही नेली होती असे सांगितले जाते. मध्य हॉलंड त्या रात्री वाचला.

=== हानी ===

नेदरलँड्समध्ये १,८३६ लोकांचा मृत्यू झाला. खुरे-ओव्हरफ्लाके बेटावरील औडे-टोंगे या एका गावातच ३०५ माणसे दगावली, तर थोलेन बेटावरील स्टाव्हेनिसे येथे १५३ जणांचा बळी गेला. ७०,००० हून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. सुमारे ४७,३०० इमारतींचे नुकसान झाले आणि त्यांपैकी सुमारे १०,००० पूर्णतः नष्ट झाल्या. देशातील सुमारे ९ टक्के शेतजमीन पाण्याखाली गेली. खारे पाणी मुरल्याने मातीची घडण बिघडते, त्यामुळे पाणी ओसरल्यानंतरही ही जमीन लगेच लागवडीयोग्य झाली नाही. तिच्यावर जिप्सम टाकून क्षार हटवावे लागले. त्याच वादळाने इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०७ जणांचा, तसेच स्कॉटलंड व बेल्जियममध्ये आणि समुद्रावर अनेकांचा बळी घेतला.

=== मदतकार्य ===

पहिली मदत स्थानिकांनी व मच्छीमारांनी केली. मच्छीमार आपल्या होड्या घेऊन बुडालेल्या शेतांवरून गावांत शिरले. लष्करी मदत त्यानंतर पोहोचली. बेल्जियम, ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका इत्यादी देशांनी सैनिक, नौका आणि विमाने पाठवली. छपरांवर अडकलेल्यांना उचलण्यासाठी हेलिकॉप्टरचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. राणी युलियाना यांनी पूरग्रस्त भागांना भेटी दिल्या.

राष्ट्रीय आपत्ती निधीसाठी ७ फेब्रुवारीपासून नभोवाणीवर ‘बेउर्झन ओपन, डायकन दिख्त’, म्हणजे ‘थैल्या उघडा, बांध बुजवा’, या नावाचा कार्यक्रम सुरू झाला. योहान बोडेखराव्हन यांनी त्याचे निवेदन केले. संपूर्ण देशाने एकाच कार्यक्रमाभोवती गोळा होऊन मदत देण्याचा हा प्रकार डच नभोवाणीला नवीन होता. त्या काळी डच समाज कॅथलिक, प्रॉटेस्टंट, समाजवादी आणि उदारमतवादी अशा स्वतंत्र गटांत विभागलेला होता. प्रत्येक गटाच्या शाळा, वृत्तपत्रे, कामगार संघटना आणि नभोवाणी संस्थाही वेगळ्या होत्या. या पार्श्वभूमीवर सर्वांच्या एकत्रित सहभागाला विशेष महत्त्व होते. स्कँडिनेव्हियन देशांनी व ऑस्ट्रियाने देणगी म्हणून लाकडी घरे पाठवली. त्यांतील काही आजही वापरात आहेत.

=== खिंडारे बुजवणे ===

फुटलेला बांध बुजवणे म्हणजे केवळ माती भरणे नव्हे. दर दिवशी दोनदा भरती-ओहोटीचे पाणी खिंडारातून आत-बाहेर जाते आणि प्रत्येक वेळी तळ अधिक खोल खोदते. विलंब झाला की खिंडार वाढते. खिंडार अरुंद होत जाते तसा उरलेल्या जागेतून पाण्याचा वेगही वाढतो, म्हणून शेवटचे काही मीटर सर्वांत कठीण असतात. यावर पोकळ काँक्रीटच्या महाकाय पेट्या तरंगवत आणून, भरती आणि ओहोटी यांमधील पाणी स्थिर असलेल्या अल्पकाळात त्या खिंडारात बुडवणे, हा उपाय योजण्यात आला. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर १९४४ मध्ये तात्पुरते बंदर उभारण्यासाठी मित्रराष्ट्रांनी बनवलेल्या ‘फिनिक्स’ पेट्यांपैकी शिल्लक राहिलेल्या पेट्या या कामी आल्या. १९४५ साली वाल्खरन बेटाचे युद्धात फोडलेले बांध बुजवतानाचा अनुभव अभियंत्यांच्या पाठीशी होता.

स्खाउवेन-डाउवेलंड बेटावरील आउवरकेर्क येथील अखेरचे खिंडार ६ नोव्हेंबरच्या रात्री, मध्यरात्रीच्या थोडे आधी बंद झाले. पूर येऊन तोपर्यंत नऊ महिने उलटले होते. त्या खिंडारात बुडवलेल्या चार पेट्यांमध्ये आज पुराचे स्मृतिसंग्रहालय आहे.

== डेल्टा आयोग ==

पुरानंतर तीन आठवड्यांच्या आत, फेब्रुवारी १९५३ मध्येच, वाहतूक व जलव्यवस्थापन मंत्री याकोब अल्खेरा यांनी डेल्टा आयोग नेमला. राष्ट्रीय जलव्यवस्थापन खात्याचे महासंचालक मारिस हे त्याचे अध्यक्ष होते. आयोगाला इतक्या लवकर काम सुरू करता आले, कारण कल्पना आधीच तयार होती. खात्यातील अभियंता योहान व्हान व्हेन यांनी अनेक वर्षे बांधांच्या अपुरेपणाकडे लक्ष वेधले होते आणि नदीमुखे धरणांनी बंद करण्याच्या योजनेचा अभ्यास पुराच्या केवळ काही दिवस आधी मंत्र्यांपुढे ठेवला होता. आपल्या लेखनासाठी त्यांनी ‘डॉ. कॅसँड्रा’ हे टोपणनाव घेतले होते. ग्रीक पुराणकथेतील कॅसँड्रा खरे भविष्य सांगते, पण तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

योजनेचे सूत्र सोपे होते. शेकडो किलोमीटर लांबीचे सर्व जुने बांध उंच करण्याऐवजी नदीमुखांवर धरणे बांधायची, म्हणजे समुद्राशी थेट भिडणारी किनारपट्टी सुमारे ७०० किलोमीटरने कमी होईल. रोटरडॅम आणि अँटवर्प या बंदरांकडे जाणारे दोन जलमार्ग मात्र खुले ठेवायचे होते.

बांध किती उंच असावा, या प्रश्नाचे उत्तरही आयोगाने नव्या पद्धतीने शोधले. तोवर ज्ञात असलेल्या सर्वाधिक पातळीत थोडी भर घालून उंची ठरवण्याची प्रथा होती. गणितज्ञ डाव्हिड व्हान डांत्सिख यांनी हा प्रश्न संभाव्यता आणि खर्च यांच्या समीकरणात मांडला. बांध उंच करण्याचा खर्च एका बाजूला आणि पूर आल्यास होणाऱ्या हानीचे अपेक्षित मूल्य दुसऱ्या बाजूला ठेवून त्या दोहोंची बेरीज किमान असेल ती उंची योग्य, असे हे तत्त्व होते. त्यातून मध्य हॉलंडसाठी १०,००० वर्षांतून एकदा येऊ शकेल अशी पातळी हे मानक पुढे आले. हुक व्हान हॉलंड येथे ही पातळी ५ मीटर धरण्यात आली. आपत्तीपासून पूर्ण संरक्षण शक्य नसते, म्हणून किती धोका पत्करायचा हे समाजाने उघडपणे ठरवावे, हा विचार या मानकातून सार्वजनिक धोरणात रुजला.

== शासन व सार्वजनिक जीवन ==

'''मंत्रिमंडळातील पहिली महिला:''' अन्ना दे वाल यांनी २ फेब्रुवारी १९५३ रोजी शिक्षण, कला व विज्ञान खात्याच्या राज्यसचिवपदाची सूत्रे घेतली. डच शासनात पद भूषवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. पुराच्या दुसऱ्याच दिवशी झालेली ही नियुक्ती वृत्तपत्रांतून मागे पडली, यात नवल नव्हते. त्या वेळी विवाहित डच स्त्रीला कायद्याने स्वतंत्रपणे करार करण्याची मुभा नव्हती. हे बंधन हटवणारा कायदा १९५६ मध्ये संमत झाला आणि मार्गा क्लोम्पे यांच्या रूपाने देशाला पहिली महिला मंत्री मिळाली तीही त्याच वर्षी.

'''राज्यघटनेतील दुरुस्ती:''' १९५३ च्या घटनादुरुस्तीने सर्वांवर बंधनकारक असलेल्या आंतरराष्ट्रीय करारांतील तरतुदींना देशांतर्गत कायद्यापेक्षा वरचे स्थान दिले. कायदा आणि करार यांत विसंगती आढळल्यास न्यायालयाने कराराला प्राधान्य द्यावे, अशी ही व्यवस्था होती. त्या काळात ही भूमिका अन्य अनेक देशांच्या पुढे होती.

'''युरोपीय सहकार्य:''' युरोपीय कोळसा व पोलाद समुदायाची कोळशासाठीची सामायिक बाजारपेठ फेब्रुवारी १९५३ मध्ये सुरू झाली. नेदरलँड्स या समुदायाच्या सहा संस्थापक सदस्यांपैकी एक होता. एकेका उद्योगापुरते सहकार्य पुरेसे नाही, सदस्य राष्ट्रांमध्ये सर्व वस्तूंसाठी सामायिक बाजारपेठ असावी, असा प्रस्ताव बेयन यांनी याच सुमारास मांडला. तो तत्काळ स्वीकारला गेला नाही, पण १९५७ च्या रोम कराराचा गाभा त्यातच होता.

'''कोरिया:''' संयुक्त राष्ट्रांच्या ध्वजाखाली कोरियात लढणाऱ्या सैन्यात डच तुकडीचा समावेश होता. २७ जुलै १९५३ रोजी तेथे युद्धविराम झाला.

== विज्ञान, वास्तुकला व वाहतूक ==

खरोनिंगन विद्यापीठातील प्राध्यापक फ्रिट्स झेर्निके यांना १९५३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जिवंत पेशी जवळजवळ पारदर्शक असल्याने साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे भाग नीट दिसत नाहीत. रंगद्रव्य वापरून ते दाखवावेत, तर पेशी बहुधा मरतात. पेशीच्या निरनिराळ्या भागांतून जाताना प्रकाशलहरींच्या कलेत पडणारा सूक्ष्म फरक डोळ्याला जाणवत नाही. झेर्निके यांनी त्या फरकाचे उजेड-अंधाराच्या फरकात रूपांतर केले. यामुळे पेशी न रंगवता, जिवंत असतानाच पाहता येऊ लागल्या. ही पद्धत त्यांनी १९३० च्या दशकात शोधली होती, मात्र तिचे महत्त्व सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या उद्योगाला आरंभी पटले नव्हते.

१४ मे १९४० रोजी जर्मन बाँबहल्ल्यात रोटरडॅमचा मध्यभाग बेचिराख झाला होता. त्या घटनेचे स्मारक म्हणून शिल्पकार ओसिप झाडकिन यांनी घडवलेल्या ‘उद्ध्वस्त नगरी’ या शिल्पाचे १५ मे १९५३ रोजी अनावरण झाले. दोन्ही हात आकाशाकडे फेकलेली आणि छातीच्या जागी पोकळी असलेली ही मानवाकृती म्हणजे हृदय हरवलेल्या शहराचे प्रतीक होय. ऑक्टोबर महिन्यात त्याच शहरात लेयनबान हा बाजारमार्ग खुला झाला. व्हान डेन ब्रुक आणि बाकेमा या वास्तुविशारदांनी रचलेल्या या मार्गावर वाहनांना प्रवेश नव्हता. केवळ पादचाऱ्यांसाठी मुद्दाम आखलेला बाजार ही कल्पना तेव्हा युरोपात नवी होती आणि पुढे अनेक शहरांनी तिचे अनुकरण केले.

ऑक्टोबरमध्येच लंडन ते न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च अशी हवाई शर्यत झाली. तिच्या वाहतूक विमानांसाठीच्या सवलत गटात केएलएम कंपनीच्या डीसी-६ विमानाने विजय मिळवला. विमानात न्यूझीलंडला स्थलांतर करणारे डच प्रवासी होते. त्यांत आपल्या नियोजित वरांकडे निघालेल्या अनेक तरुणी असल्याने ही फेरी ‘वधूंचे उड्डाण’ या नावाने लोकांच्या स्मरणात राहिली. केएलएमचे पहिले संचालक आल्बर्ट प्लेसमन यांचे वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर १९५३ रोजी निधन झाले.

== क्रीडा ==

=== पॅरिसमधील मदत सामना ===

डच फुटबॉल संघटनेने त्या काळी हौशी खेळाचे तत्त्व कटाक्षाने पाळले होते. खेळासाठी वेतन घेणाऱ्या खेळाडूला देशातील स्पर्धांतून आणि राष्ट्रीय संघातून वगळले जाई. यामुळे उत्तम खेळाडू फ्रान्स, इटली, जर्मनी येथील क्लबांकडे जात आणि मायदेशाच्या संघाला कायमचे मुकत. राष्ट्रीय संघाची कामगिरी याच कारणाने सातत्याने खालावत गेली होती.

पुराची बातमी ऐकल्यावर फ्रान्समध्ये खेळणारे ब्राम आपेल व तेओ टिमरमन्स यांनी परदेशस्थ डच व्यावसायिकांचा संघ उभारून फ्रान्सविरुद्ध मदत सामना खेळवण्याची कल्पना मांडली. संघटना प्रथम नाखूश होती. ज्यांना आपण बहिष्कृत केले, त्यांनाच डच संघ म्हणून मैदानात उतरू देणे तिच्या धोरणाशी विसंगत होते. तथापि पूरग्रस्तांसाठीच्या सामन्याला उघड विरोध करणेही कठीण होते. युवराज बेर्नहार्ड यांनी सामन्याच्या बाजूने वजन खर्च केले आणि अखेर मार्ग मोकळा झाला.

हा सामना १२ मार्च १९५३ रोजी पॅरिसच्या पार्क दे प्रँस मैदानावर झाला. नेदरलँड्सहून हजारो प्रेक्षक आले होते. कधीच एकत्र न खेळलेल्या या संघात गोलरक्षक फ्रान्स दे मुंक आणि केस रेय्वर्स यांचा समावेश होता. फ्रान्सने आघाडी घेतली. बेर्टुस दे हार्डर यांनी बरोबरी साधली आणि आपेल यांच्या गोलने डच खेळाडू २-१ असे विजयी झाले. सामन्याचे उत्पन्न पूरग्रस्तांना देण्यात आले.

या निकालाने देशात एकच प्रश्न विचारला जाऊ लागला: बंदी घातलेले खेळाडू फ्रान्सच्या अधिकृत संघाला हरवू शकतात, तर ती बंदी कोणाच्या हिताची? पुढील वर्षी संघटनेला आव्हान देणारी स्वतंत्र व्यावसायिक संस्था उभी राहिली आणि ऑगस्ट १९५४ मध्ये तिचे सामने सुरू झाले. नोव्हेंबर १९५४ मध्ये दोन्ही संस्था एकत्र आल्या व व्यावसायिक फुटबॉलला मान्यता मिळाली. १९५६ मध्ये ‘एरेडिव्हिसी’ ही राष्ट्रीय अव्वल साखळी स्पर्धा सुरू झाली. १९७० च्या दशकात जगभर गाजलेल्या डच फुटबॉलची जडणघडण या व्यवस्थेतूनच झाली. देशांतर्गत हौशी स्पर्धेचे १९५३ चे विजेतेपद हेमस्टेड येथील आरसीएच या क्लबने मिळवले होते.

=== सायकल शर्यती ===

विम व्हान एस्ट यांनी १९५३ ची टूर ऑफ फ्लँडर्स जिंकली. बेल्जियममधील ही प्रतिष्ठेची शर्यत जिंकणारे ते पहिले डच सायकलपटू ठरले. जुलैमधील टूर द फ्रान्समध्ये वैयक्तिक विजेतेपद फ्रान्सच्या लुईझाँ बोबे यांच्याकडे गेले, पण सांघिक विजेतेपद डच संघाने पटकावले. वाउट वाख्टमन्स अंतिम क्रमवारीत पाचवे आले. आरी व्हान व्लीट यांनी व्यावसायिकांच्या वेगवान धावपट्टी शर्यतीत जागतिक विजेतेपद मिळवले.

=== अन्य खेळ ===

बर्फावरील वेगवान स्केटिंगमध्ये केस ब्रुकमन यांनी नॉर्वेतील हामार येथे युरोपीय विजेतेपद मिळवले. १९५२ च्या ऑस्लो हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यांनी दोन रौप्यपदके जिंकली होती. बुद्धिबळात, माजी जगज्जेते माक्स ऑयव यांनी स्वित्झर्लंडमधील आव्हानवीर निवड स्पर्धेत भाग घेतला. ती स्पर्धा सोव्हिएत संघाच्या वासिली स्मिस्लोव्ह यांनी जिंकली.

== परिणाम व वारसा ==

डेल्टा आयोगाच्या शिफारशींवर आधारित डेल्टा कायदा १९५८ मध्ये अमलात आला. त्याच वर्षी हॉलंड्से एयसल नदीवरील वादळरोधक दरवाजा कार्यान्वित झाला. १९५३ च्या रात्री एका नावेने जे काम केले होते, ते आता त्याच नदीवर पोलादी दरवाजा करू लागला. पुढील दशकांत एकामागून एक नदीमुखे बंद होत गेली.

ऑस्टरस्खेल्डे हे सर्वांत मोठे नदीमुखही पूर्णपणे बंद करण्याचे मूळ योजनेत ठरले होते. १९७० च्या दशकात मच्छीमार, शिंपले-पालन करणारे व्यावसायिक आणि पर्यावरणवादी यांनी त्याला विरोध केला. भरती-ओहोटी थांबली तर तेथील खाऱ्या पाण्यातील जीवसृष्टी नष्ट होईल, असा त्यांचा आक्षेप होता. पुराची आठवण ताजी असलेल्या अनेक झीलंडवासीयांना मात्र कोणताही विलंब धोक्याचा वाटत होता. दीर्घ वादानंतर एरवी उघडे राहणारे आणि वादळात बंद करता येणारे ६२ दरवाजे असलेला अडथळा बांधण्याचा निर्णय झाला. ४ ऑक्टोबर १९८६ रोजी राणी बेआट्रिक्स यांनी त्याचे उद्घाटन केले. पूर आला त्या रात्रीच्या शनिवारी, ३१ जानेवारी १९५३ रोजी, युवराज्ञी असलेल्या बेआट्रिक्स यांचा पंधरावा वाढदिवस होता. रोटरडॅमच्या जलमार्गावरील मास्लांट अडथळा १९९७ मध्ये पूर्ण झाल्यावर या कामांचा अखेरचा मोठा टप्पा पार पडला.

पुरामुळे इशारा देण्याची पद्धतही बदलली. वर्गणी भरणाऱ्यांपुरती मर्यादित असलेली सूचना पुढे सार्वजनिक जबाबदारी बनली. १९५३ चा पूर डच शाळांत आजही शिकवला जातो, कारण देशाचा सुमारे एक चतुर्थांश भाग समुद्रसपाटीखाली आहे आणि समुद्राची पातळी वाढत आहे. व्हान व्हेन यांचा अहवाल पूर येण्यापूर्वी लिहिला गेला होता, परंतु त्यावर कृती झाली ती १,८३६ मृत्यूंनंतर.

== ठळक घटनाक्रम ==

* जानेवारी: अमेरिकी आर्थिक साहाय्याची गरज संपल्याची सरकारची घोषणा.
* ३१ जानेवारी – १ फेब्रुवारी: उत्तर समुद्रातील वादळ, नैर्ऋत्य भागात महापूर.
* २ फेब्रुवारी: अन्ना दे वाल पहिल्या महिला राज्यसचिव.
* ७ फेब्रुवारी: पूरग्रस्तांसाठी नभोवाणीवरील निधिसंकलनाचा प्रारंभ.
* फेब्रुवारी: डेल्टा आयोगाची स्थापना.
* १२ मार्च: पॅरिसमधील मदत सामन्यात डच व्यावसायिकांचा फ्रान्सवर २-१ असा विजय.
* मार्च: डच वायुदलाला स्वतंत्र सैन्यदलाचा दर्जा.
* १५ मे: रोटरडॅममध्ये ‘उद्ध्वस्त नगरी’ शिल्पाचे अनावरण.
* जुलै: टूर द फ्रान्सचे सांघिक विजेतेपद.
* ऑक्टोबर: लेयनबान बाजारमार्ग खुला, लंडन–क्राइस्टचर्च हवाई शर्यत.
* ६ नोव्हेंबर: आउवरकेर्क येथील अखेरचे खिंडार बंद.
* डिसेंबर: फ्रिट्स झेर्निके यांना नोबेल पारितोषिक प्रदान.
* ३१ डिसेंबर: आल्बर्ट प्लेसमन यांचे निधन.